आखणी

मनालीनं फडकं पिळलं आणि भिंतीवरचा डोळा पुसायला हात वर केला, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"राहू दे."

ती दचकलीच. सासरा बोलला होता. पेणहून रोह्याला आणल्यापासून दिनानाथच्या तोंडून 'पाणी' आणि 'नको' एवढे दोनच शब्द बाहेर पडत होते, त्यातला 'नको' जास्त. पाठीला पट्टा, खाली फळीची खाट आणि वर गरगर फिरणारा पंखा, एवढाच त्याचा संसार उरला होता. आणि आता हे. गोळ्यांच्या डब्यावर 'सकाळ' आणि 'रात्र' लिहायला ठेवलेली पेन्सिल त्यानं कधी लांबवली कोण जाणे, पण हात पुरेल तेवढ्या भिंतीवर त्यानं डोळे काढून ठेवले होते. नाक नाही, तोंड नाही, नुसते डोळे. लांबट, शांत, जोडीजोडीनं.

भिंत भाड्याची होती. घर पहिल्या मजल्यावर. घरमालकीण हौसाबाई त्याच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि खाली साधा खिळा ठोकला तरी तिच्या कपाळात ठोकल्यासारखी जिना उतरून यायची. मनालीनं तसं सांगितलं. भिंत आपली नाही, मालकीण ओरडेल, असं हळूच म्हणाली. दिनानाथनं तोंड पलीकडं केलं. झालं, पुन्हा कुलूप. तिनं फडकं तसंच बादलीत टाकलं.

दिनानाथ आखणीकार होता. पेणजवळच्या जिते स्टेशनापासून आत गेलं की जे गाव लागतं तिथं घरटी गणपती होतात, आणि त्या गावात हिरामणच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे काढायचं काम, म्हणजे आखणी, दिनानाथची. माती मळणारे, साच्यात भरणारे, रंग मारणारे पुष्कळ. डोळे काढणारा एक. मूर्ती रंगून, दागिने चढवून तयार झाली तरी डोळे होईपर्यंत तिला कुणी गणपती म्हणत नसे, 'माल' म्हणत. दिनानाथच्या पाटासमोरून उठली की मग तिच्यापुढून जाताना गडी चपला काढायचे.

त्याची रीतही त्याचीच. बाकीचे आखणीकार मधोमध टिंब घेत, काडीनं माप धरत. हा मूर्ती आपल्या तोंडासमोर ठेवायचा आणि ती आपल्याकडं बघायला लागेपर्यंत ब्रश चालवायचा. बघायला लागली की डोळा झाला. मापाचं नाव काढलं की खवळायचा. आयुष्यात त्यानं एकदा काढलेला डोळा पुसला नव्हता, आणि हे तो ऐकणाऱ्याला कंटाळा येईस्तोवर सांगायचा. नाकावर माशी बसू न देणारा माणूस. हिरामण त्याचा मालक खरा, पण दोघं एका शाळेतून पळून गेलेले, त्यामुळं दिनानाथ त्यालाही ऐकवायला कमी करत नसे.

शिमग्याच्या आधी माळ्यावरून साचे उतरवताना शिडी सरकली. पाठीच्या मणक्याला चीर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण पडून राहायचं. हंगामभर तरी कामाचं नाव नको. बायको मागंच गेलेली, गावात बघणारं कुणी नाही, म्हणून हर्षदनं बापाला रोह्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं. हर्षद कंपनीत. कधी रात्रपाळी, कधी डबल शिफ्ट. घरी आला की झोपायचा. मनालीनं साड्यांच्या दुकानातली नोकरी सोडली, कारण कुणीतरी घरी थांबायला हवं होतं आणि ते कुणीतरी म्हणजे सून, हे कुणी न बोलताच ठरून गेलं.

लग्नाच्या वेळी दिनानाथनं सुनेला पाहून हिरामणच्या कानात म्हटलं होतं, खाली मुंडी पाताळ धुंडी दिसतेय. ते तिच्या कानावर आलं होतं. ती काही विसरली नव्हती. आता हा माणूस आणि ती दिवसभर एका छपराखाली. बाहेरच्या खोलीत नवरा झोपलेला, म्हणून भांड्याचाही आवाज करायचा नाही. कोलाडला माहेरी असताना ती लग्नाघरी मेंदी काढायची. चार बायकांच्या घोळक्यात बसून, हसत-खिदळत. इथं कुणाशी बोलावं तर पंख्याशी. तिला कधीकधी वाटायचं, खाटेवर ते पडलेत, पण अडकलोय दोघं.

हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण दिनानाथनं जेवण सोडलं. अगदी सोडलं असं नाही. अर्धी भाकरी, दोन घास भात, की ताट बाजूला. हिरामणचा फोन आला की मनाली तो कानाशी धरायची. हिरामण बिचारा कारखान्याच्या गोष्टी सांगत राहायचा आणि हा डोळे मिटून घ्यायचा. एकदा फोन ठेवल्यावर तो पंख्याकडं बघत म्हणाला होता, हंगाम काय कुणासाठी थांबत नाय. बसंल कुणीतरी पाटावर. त्यानंतरचं ताट तसंच परत गेलं. डॉक्टर हर्षदला म्हणाले, माणूस खाईना तर हाड कशाच्या जोरावर जुळणार? हर्षद बापावर ओरडला, मग बाहेर जाऊन रडला. मनालीनं दोन्ही पाहिलं.

भिंतीवर डोळे उगवले ते त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी तिनं हर्षदच्या नव्या शर्टातला पुठ्ठा काढून खाटेवर ठेवला. भिंत सोडा, याच्यावर काढा, म्हणाली. संध्याकाळपर्यंत पुठ्ठा दोन्ही बाजूंनी भरला. मग तिनं, कुणाला न विचारता, हिरामणला फोन लावला.

हिरामणचा टेम्पो कोलाडच्या दुकानांना मूर्ती द्यायला रोह्यावरूनच जायचा. ड्रायव्हर काळुराम एका सकाळी एक फुटी मूर्ती घेऊन जिना चढला. सगळ्या शाडूच्या, रंगलेल्या, डोळ्यांच्या जागी नुसतं पांढरं. बाहेरच्या खोलीत हर्षदच्या पायाशी त्या ओळीनं मांडल्या गेल्या. डोळे झाले की पुढच्या खेपेला तो त्या उचलून परस्पर कोलाडला नेणार, असं ठरलं.

दिनानाथनं ते ऐकलं आणि भडकला. झोपून कोण डोळे काढतो? चेष्टा लावलीय काय? गणपती हाय तो, वांगं नाय. दुपारपर्यंत धुसफुस चालली. पण दार उघडं होतं आणि ओल्या रंगाचा वास आत येत होता. दुपारी त्यानं हाक मारली.

"एक आण बघू आत."

डॉक्टरांनी दोन उशांपुरतं डोकं वर करायला नुकतीच परवानगी दिली होती. हर्षदचं घडीचं टेबल दिनानाथच्या पोटावरून बसलं. मनालीनं त्यावर मूर्ती ठेवली आणि सांगेल तशी इंच इंच सरकवली. त्यानं ब्रश पाण्यात बुडवला, ओठांवर टोक केलं, आणि हात उचलला. त्यानं हात खाली घेतला. पुन्हा उचलला. मनालीला वाटलं, आता हा ब्रश फेकणार. मग त्यानं श्वास रोखला आणि एक बारीक रेघ ओढली. ती रेघ पाहून मनाली पुढं वाकली, कारण तिला रेघ कळत होती. मेंदीचा कोन धरलेल्या हाताला कळतं, ओढलेली कुठली आणि आपोआप आलेली कुठली.

दुसरा डोळा झाल्यावर तो मूर्तीकडं बघत राहिला.

"बघतोय," तो म्हणाला.

त्या रात्री त्यानं वालाचं बिरडं दोनदा मागून घेतलं. हर्षद ताटाकडं बघत बसला आणि मग बायकोकडं.

मग घराला जरा घरपण आलं. सकाळची कामं आटपली की मनाली मूर्ती आत आणायची, धरायची, फिरवायची, झाली की बाहेरच्या खोलीतल्या फळीवर सुकायला ठेवायची. दिनानाथची जीभ सुटली. हात नीट धर, तो काय दुधाचा टोप हाय? पाणी बदल. इकडून उजेड अडवू नको. ती ऐकून घ्यायची, आणि हळूहळू उलट बोलायलाही लागली. तो कारखान्यातल्या गमती सांगायचा; हिरामणनं एकदा उंदीरच करायचे विसरून अख्खी खेप कशी पाठवली, तेव्हा ती इतकी हसली की हर्षद झोपेतून उठून आला. तिनं मेंदीचं सांगितलं. कोन कसा भरायचा, नवरीच्या तळहातावर घाम आला तर काय करायचं. त्यानं बारकाईनं विचारलं, रेघ खेचतेस की ढकलतेस? हा प्रश्न तिला लग्नानंतर कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. त्या दिवशी भांडी घासताना ती गाणं म्हणत होती.

हौसाबाईही एकदा खाली आली. भिंत पाहिली, तोंड उघडलं, आणि मग त्या सगळ्या डोळ्यांपुढं तिनं गपचूप हात जोडले. भाडं मात्र वाढवीन म्हणाली नाही, हेच नशीब.

पहिली खेप न्यायला काळुराम दुसऱ्या दिवशी यायचा होता. मनाली बाहेरच्या खोलीत उकिडवी बसून फरशी पुसत होती. सहज वर पाहिलं तर फळीवरच्या सगळ्या मूर्ती तिच्याकडं बघत होत्या. तिला बरं वाटलं. बादली उचलून ती उभी राहिली आणि पुन्हा पाहिलं. आता एकही बघत नव्हती. सगळ्यांची नजर खाली, तिच्या पायांशी. ती पुन्हा बसली. बघतायत. उभी राहिली. नाही.

तिला समजायला वेळ लागला नाही. सासऱ्याची रीत तिनं इतके दिवस डोळ्यांनी पाहिली होती. तो मूर्ती आपल्याकडं बघेपर्यंत ब्रश चालवणार, आणि तो तर आडवा. त्या मूर्ती खाटेवर पडलेल्या माणसाकडं बघत होत्या. मखरात बसवल्यावर, समोर आरतीला उभ्या राहिलेल्या माणसांकडं त्या ढुंकून पाहणार नव्हत्या. कोलाडचे दुकानदार हिरामणला फोन करणार, असले पेंगुळलेले गणपती कसले पाठवलेस? मग हिरामण काय करणार? मित्र झाला तरी त्याचाही धंदा. पुढची खेप येणार नाही. आणि आतल्या खोलीतलं ताट पुन्हा तसंच बाहेर येईल.

सांगावं तर कसं सांगावं? ज्यानं उभ्या जन्मात डोळा पुसला नाही त्याला म्हणायचं, बाबा, हे सगळे चुकलेत? तिनं दारापर्यंत जाऊन पाहिलं. दिनानाथ दुपारचा डोळा लागून घोरत होता, बोटांना काळा रंग तसाच.

ती परत आली. देवापुढं करतात तसा मूर्तींना नमस्कार केला, माफी मागितली, आणि त्याचाच ब्रश घेतला. बुबुळाच्या खालून पांढरा, वरून काळा. केसाएवढं वर. पहिली मूर्ती तिनं रेघेरेघेला थांबत केली. ती उभी राहिली, बघून घेतलं, पुन्हा वाकली. शेवटच्या मूर्तीपर्यंत हात बसला. काळुरामनं सकाळी माल उचलला आणि त्याला काहीच वेगळं दिसलं नाही.

चार दिवसांनी हिरामणचा फोन. कोलाडवाले खूश आहेत, आणखी पाठव म्हणतात. हात गेला नाय रे तुझा, दिना. दिनानाथ फोनमध्ये हसला. मनालीला म्हणाला, चहा टाक, साखर जास्त घाल. त्याच्या आवाजातला तो आनंद ऐकून तिला भरून आलं आणि आपण काय करून बसलो तेही कळलं. पण आता मागं फिरायचं कसं? पुढच्या खेपेला तिनं तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

श्रावण सरत आला तेव्हा हिरामण स्वतः आला. पेढ्यांचा पुडा घेऊन, घामानं भिजलेला, जिना चढताना धापा टाकत. बाहेरच्या खोलीत तयार मूर्ती होत्या. त्यातली एक त्यानं उचलली आणि थेट आत नेली. मनाली चहाचा ट्रे घेऊन मागोमाग निघाली होती. तिला काही करता आलं नाही.

"काय डोळा काढलायस रे," हिरामण म्हणाला आणि त्यानं मूर्ती खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवली.

डोळे काढून झालेली मूर्ती दिनानाथनं या घरात पुन्हा कधी पाहिली नव्हती. त्यानं कौतुकानं मान उचलली. मग तो नुसता बघत राहिला. मूर्ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडं, दाराच्या दिशेनं बघत होती. तिथं मनाली ट्रे घेऊन उभी होती.

हिरामणचं लक्ष नव्हतं. तो आपल्याच नादात सांगत होता, की पाट रिकामाच ठेवलाय, तिथं कुणाला बसू दिलेलं नाही, मोठ्या मूर्तींना बाहेरून माणूस आणला तोही वेगळ्या कोपऱ्यात बसतो. पुढच्या वर्षी तुझी जागा तुझी. आणि आज मुद्दाम आलोय ते वेगळ्याच कामाला. माझ्या घरातल्या गणपतीचे डोळे आजवर तुझ्याशिवाय कुणी काढलेत का? खाली टेम्पोत आहे. आणतो. माझ्यासमोर काढ. असं म्हणून तो चहा न घेताच खाली गेला.

दिनानाथला आधी राग आला. मग लाज वाटली, हिरामणच्या त्या कौतुकाच्या फोनांची, त्या हसण्याची. त्यानं मूर्तीवरची नजर काढली नाही.

"किती?" त्यानं विचारलं.

मनालीनं ट्रे खाली ठेवला. "सगळ्या."

"का?"

मनाली खाटेजवळ आली.

"तुम्ही जेवायला लागला होता, बाबा."

दिनानाथनं डोळे मिटले. मिटलेल्या पापणीच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं, त्यानं ते पुसलं नाही. जिन्यावर हिरामणची धाप ऐकू यायला लागली.

हिरामणनं आणलेली मूर्ती मोठी होती, हातभर उंच, पिवळ्या पितांबराची, डोळ्यांच्या जागी कोरी. त्यानं ती घडीच्या टेबलाकडं आणली. दिनानाथनं हातानंच थांबवलं.

"हितं नको. तिकडं खिडकीशी ठेव. उंचावर."

"तुझा हात कसा पुरंल?"

"माझा नाय. ती काढंल."

हिरामण हसला. मग दिनानाथचं तोंड पाहून हसायचा थांबला.

"माझे डोळे खाली बघतात, हिरामण," दिनानाथ म्हणाला. "झोपून काढलेले ना. कोलाडला गेले ते तिनं वर उचललेत. एकूण एक. तू वाखाणलेस ते तिचे."

हिरामण मूर्ती हातात धरून तसाच उभा राहिला. घरचा गणपती होता. बापाच्या वेळेपासून त्याच्या डोळ्यांना परका हात लागला नव्हता. त्यानं स्टुलावरची छोटी मूर्ती पुन्हा पाहिली, वाकून, मग उभ्यानं. मग मनालीकडं पाहिलं. ती भिंतीला टेकली होती, तिथल्या पेन्सिलीच्या डोळ्यांमध्ये. हिरामण खिडकीशी गेला आणि कमरेएवढ्या पत्र्याच्या कपाटावर मूर्ती ठेवून बाजूला झाला.

"हात धुऊन ये," दिनानाथ मनालीला म्हणाला.

ती आली तेव्हा त्यानं आपला ब्रश उलटा धरून तिच्यापुढं केला. तिनं घेतला. आता सुधारायचं नव्हतं. पांढऱ्यावर पहिली रेघ तिची होती. तिचं कोपर वर गेलं की दिनानाथचंही कोपर चादरीवर किंचित उचललं जायचं.

उजवा डोळा झाला. ती मागं सरकली.

दिनानाथनं मान ताणून पाहिलं. खाटेवरून त्याला मूर्तीची सोंड दिसत होती आणि पितांबराचा पिवळा रंग. डोळा दिसत नव्हता.

"बघतोय का?" त्यानं हिरामणला विचारलं.

हिरामण मूर्तीसमोर जाऊन उभा राहिला.

"व्हय."

"कुणाकडं?"

"माझ्याकडं."

दिनानाथनं डोकं उशीवर टेकलं.

"मग दुसरा काढ गो," तो म्हणाला.